नळाजवळची टाइल

संस्कृती, माझी मुलगी, बाळाला घेऊन बीडच्या दवाखान्यातून माहेरी यायची होती. तेलगावातलं हे घर आम्ही नुकतंच विकत घेतलं होतं, आणि त्यातलं बाथरूम बघवत नव्हतं. भिंतीवरच्या निळ्या टाइल्स फुटलेल्या, कडा सुरीसारख्या. नातवाची घरातली पहिली अंघोळ तिथे? मुळीच नाही. मी म्हाळू मिस्त्रीला बोलावलं.

सिमेंट थापायच्या करणीच्या दांड्याने तो एकेक टाइल ठोकून ऐकू लागला. पोकळ वाजेल ती आधी काढायची, ती अख्खी निघते. नळाजवळची, अगदी खालची एक पोकळ वाजली. छिन्नी लावताच टाइलचा टवका उडून त्याच्या गालात घुसला. शिव्या घालत त्याने टाइल उपसून उलटी केली. मागच्या सिमेंटात तळहात उमटला होता. इवलासा, पाचही बोटं स्पष्ट.

"कुणा पोराने हात लावला असेल," मी म्हणालो.

"मालक, माल लावून वरून फरशी दाबत्यात. मधी पोराचा हात कुठून येतो?"

"तू तुझं काम कर बे."

सगळी भिंत सोलून त्याने पांढऱ्या टाइल्स बसवल्या आणि जाण्याआधी मला ठोकून दाखवल्या. सगळ्या भरीव होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, तर नळाजवळची पोकळ वाजली. काढली, तर ओल्या मालात तोच पंजा, जरा जास्तच खोल.

मला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा संताप आला. "मला येडा समजतोस काय?"

म्हाळूने करणी माझ्या पायाशी फेकली. "आतून ढकलतंय कोनतरी. लेकराला हितं आनू नका." तो गेला तो परत आला नाही.

टाइल मीच बसवली, माल ठासून, गुडघ्याने दाबून. ठोकली. पोकळच.

दुपारी संस्कृती आली. बाळाला न्हाऊ घालायला आलेल्या सावित्रीबाई पाय लांब करून नळाशी बसल्या.

"मावशी, भिंतीपासून सरका," मी दारातून ओरडलो.

"कावून? नळ हितंच हाय की."

टक. टक.

"भाऊ, ठोकू नका ना. लेकरू दचकतंय लई."

माझे हात रिकामे होते.

बाळ किंचाळलं. मग एकदम गप्प झालं.

सावित्रीबाईंनी त्याला फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं. त्याची उजवी मूठ आवळलेली होती. मी एकेक बोट सोडवलं.

आत ओलं सिमेंट होतं.

मी करणी उचलली आणि ती टाइल ठोकली. भरीव वाजली.