खडकवाडीची टाकी का बसली?

सकाळी टाकी बसलेली दिसली आणि खडकवाडीत एकच बोंब उठली.

१९८४ साल. लासलगावजवळच्या या गावात सरकारने सगळ्यांसाठी मिळून गोबरगॅस उभारला होता. शेणाच्या खड्ड्यावरची लोखंडी टाकी गॅस भरला की वर येते. आज ती पार खाली गेली होती, आणि दुपारी दिल्लीचं पथक येणार होतं. गॅस पेटला तर बौद्धवाड्यातही पाइप जाणार; नाहीतर योजना गुंडाळली जाणार, आणि देखरेखीला असलेल्या वाड्यातल्या शकुबाईचं कामही जाणार.

"हिनंच काहीतरी घाण केली!" सरपंच कारभारी सगळ्यात मोठ्याने ओरडले. गावाला तेवढं पुरे झालं.

विस्तार अधिकारी बोरस्ते नाशिकहून मोटारसायकलवर आले. खड्ड्याच्या काठावर त्यांना निळा ओघळ दिसला. मोरचूद! द्राक्षावर फवारतात ते. शेण कुजवणारे जंतूच त्याने मरतात, मग गॅस कुठला?

गावात मोरचुदाचं पोतं एकच होतं. ते पुंजा शेतकऱ्याच्या द्राक्षबागेचं, पण ठेवलेलं मंगळूच्या लाकडाच्या वखारीत.

"पोत्याला हात कुणाकुणाचा लागतो?" बोरस्त्यांनी विचारलं.

"माझा," पुंजा म्हणाला. "आन् औषध कालवायला शकुबाई येती, तिचा."

"कशात कालवता?"

"मातीच्या रांजणात, चुना घालून. मंग कोयत्याचं पातं बुडवून बघायचं. लाल झालं, तर चुना कमी पडला."

"आणि मंगळूभाऊ, तुम्ही?"

"मी लाकडं इकतो, साहेब. मला औषधातलं काय कळतंय?"

शकुबाई रडत नव्हती, संतापली होती. "चुलीच्या धुरानं माझं डोळं अधू झालं. माझ्या सुनेचं वाचावं म्हून मी इथं राबते. मीच इख कालवीन व्हय?"

बोरस्त्यांनी कुंपणालगत पडलेली शेणाची लोखंडी बादली उचलली आणि स्वच्छ धुतली. आतून ती लालसर झाली होती.

दुपारी पथकासमोर गाव जमलं.

"मोरचूद या बादलीत विरघळवलं," बोरस्ते म्हणाले. "त्याच्या पाण्यात लोखंड बुडालं की त्यावर तांबं चढतं. पुंजा आणि शकुबाई हे दर फवारणीला पाहतात. अशी खूण ठेवणारी लोखंडी बादली त्यांनी घेतलीच नसती. पोत्यापाशी जाणारा तिसरा माणूस एकच. औषधातलं काही कळत नाही, हे त्यानेच मला सांगितलं."

सगळ्यांच्या माना मंगळूकडे वळल्या.

"गॅस आला आन् वखारीकडं कुणी फिरकंना. वाड्यात बी पाइप गेला असता, तर मी काय खायचं? पण शकुबाईचं नाव म्या घेतलं नाय, साहेब!"

"तुम्हाला गरजच पडली नाही. ते गावाने घेतलं."

पथकाच्या साहेबांनी शकुबाईला विचारलं, "खड्डा उपसून पुन्हा चालू कराल का?"

"करीन की. पण पाइप आधी आमच्या वाड्यात टाका." ती गावाकडे वळली. "आन् उपसायला समद्यांनी यायचं. नाव घ्यायला आला व्हता, तसंच."

सरपंचांनी मुकाट्याने धोतर वर खोचलं.