सरदारबीच्या बांधावरचा बिब्बा

सरदारबीचं झाड वाचलं. पण सरकारी दप्तरात असं झाडच नाही, तेव्हा हे वाक्य आपण वाचलेलं नाही. शनिवारपासून सुरुवात करू.

शनिवारी सरदारबी येडशीला श्रीमंतकडे आली. श्रीमंत खासगी गुप्तहेर. आधी जंगलखात्यात होता. तिथं झाडं संपली, म्हणून माणसांकडे वळला.

"भाऊ, सोमवारी माझं झाड तोडणार. इषारी बिब्बा हाय म्हून सोसायटीनं ठराव केला. जागेवर गुदाम बांधत्यात."

"आणि फळझाड असलं तर?"

"तर माझ्या मर्जीबिगर हात लावायचा न्हाय, असं ठरावातच हाय. घरवाल्यांनी घाटाखालून बी आणलं. कशाचं, ते सांगायच्या आत गेले. बहात्तरच्या दुष्काळात नमाजाआधीच्या वजूचं पाणी घालून जगवलं. आता घरात आमी दोघंच, म्या आन् हे झाड."

रविवारी श्रीमंत झाडाखाली गेला. सोबती व्यंकट वीस पावलं लांब थांबला.

पानं वीतभर, शेंड्याला गोल, दोन्हीकडून हिरवी. सालीच्या चिरेत पिवळसर डिंक. पिवळं मऊ फळ, त्याच्या खाली करडी, बाकदार बी.

"बिब्बाच," व्यंकट लांबूनच म्हणाला. "फळाखाली बी हाय की. सरका, अंगावर उतल."

शेजारच्या धुरपदाबाईच्या टाचेला चिंधी होती. "भेगंत बिब्बा भरत्यात तसा ह्येचा भरला. लई फोड आले."

सोसायटीच्या कचेरीत चेअरमन आबारावांच्या तोंडाला उपरणं होतं. चहा घेताना ते सरकलं. ओठ काळे, फोडांनी भरलेले, दात पांढरेशुभ्र.

"रोजच्या पानातला चुना लागला," ते म्हणाले. "काजू घ्या. साहेबलोक येतात, बशी ठेवावी लागते."

व्यंकटनं चार घेतले.

सोमवारी कुऱ्हाडवाले, तलाठी, सगळे जमले.

"बिब्ब्याचं पान हातभर, खालून पांढुरकं," श्रीमंत म्हणाला. "रस लगेच काळा पडतो. बी काळी, चपटी. इथं यातलं एकही नाही. हा काजू आहे."

"मग फोड?" व्यंकटनं विचारलं.

"टरफलात तेल असतं. बी भाजून फोडतात. धुरपदाबाईंनी बिब्बा समजून टाचेला लावलं. पण बिब्बा समजणारा माणूस तो दातानं फोडत नाही. चेअरमन, काजू आहे हे तुम्ही ओळखलं होतं. फक्त काजू तुम्ही आजवर बशीतच पाहिला, म्हणून कच्ची बी दातानं फोडली. आणि रोज पान खाणाऱ्याचे दात असे नसतात."

आबारावांनी उपरणं घट्ट केलं. "गुदाम गावासाठीच होतं."

तलाठ्यानं वही चाळली. "आपल्याकडं काजूचा रकानाच न्हाय. जे झाड न्हाय, ते तोडायचं कसं?"

लोक पांगले.

"आता कुणी भ्यायचं न्हाय ना?" सरदारबीनं विचारलं.

"नाही, चाची."

तिनं सावलीत चटई अंथरली. चौघं मावतील एवढी. श्रीमंत-व्यंकटची परतीची एस.टी. चारची होती. पावणेचारपर्यंत रस्त्यानं सातजण गेले, सगळे सवयीनं वळसा घालून.

मग तिनं श्रीमंतकडून अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला:

"मेहेरबान तहसीलदार साहेबांचे सेवेशी. सदर अस्तित्वात नसलेल्या झाडाच्या सावलीत बसण्याकामी आठवड्यातून एक इसम मंजूर व्हावा. इसम बोलका असावा, ही नम्र विनंती."