फोटोला चिकटलेला आवाज

हे मी कुठून उडत उडत ऐकलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. अजूनही त्या विषयावर बोलताना ती मध्येच थांबते आणि मागे वळून बघते. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन, खालच्या मजल्यावर कुणाचं तरी वॉशिंग मशीन घरघरतंय, अशा वेळची.

तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई प्रोग्रॅमर आहे. दूरच्या मशीनवरच्या फाइल्स आपल्याच कॉम्प्युटरवर असल्यासारख्या दिसाव्यात, असा एक प्रोग्रॅम तिची कंपनी बनवते. त्यात तिच्याकडे नवं काम आलं होतं. काही फाइल्सना एक दुसरा, लपलेला भाग चिकटलेला असतो. फाइल उघडली तरी तो दिसत नाही. फाइलचा आकार बघितला तरी तो त्यात धरलेला नसतो. ताईच्या प्रोग्रॅमला हे भाग दिसायचेच नाहीत आणि फाइल कॉपी केली की ते वाटेतच गळून पडायचे. गिऱ्हाइकांनी तक्रारी करून वात आणला होता. म्हणून हे लपलेले भाग दिसतील आणि टिकतील अशी सोय ताईने करायची, असं ठरलं.

तेव्हा ती मावशीकडे, म्हणजे तिच्या आईकडेच, राहत होती. काका, म्हणजे ताईचे वडील, गेल्याला वर्षही झालं नव्हतं. मावशी एकटी पडली म्हणून ताईने घरूनच काम मागून घेतलं होतं. बसायची काकांच्या खोलीत. एक टेबल, एक पलंग, आणि कपाटावर घरचे फोटो साठवायची डिस्क, नेटवर्कला जोडलेली.

काकांना फोटोंचं भारी वेड. कुठेही गेलो की सगळ्यांना ओळीत उभं करायचे, आणि स्वतः कॅमेऱ्यामागे. त्यामुळे ते स्वतः एकाही फोटोत नाहीत. त्यांचा आवाजही कुणी कधी रेकॉर्ड केला नाही. मावशीला तीच खंत होती. हळूहळू आवाज विसरायला होतोय, म्हणायची.

ते सगळे जुने कागदी फोटो ताईनेच स्कॅन करून त्या डिस्कवर टाकले होते. एकेक फोटो तिच्या हाताखालून गेला होता.

प्रोग्रॅम तयार झाल्यावर चाचणीला काहीतरी हवं होतं. समोर ती डिस्क होती. ताईने तीच जोडली. स्कॅन केलेल्या फोटोंना लपलेला भाग असायचं काही कारणच नव्हतं. पडदा रिकामा राहणार, अशी तिची खात्री होती.

पडदा भरला...

एका फोटोला नाही. प्रत्येक फोटोला काहीतरी चिकटलेलं होतं.

आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिला वाटलं. तिने सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडेना. मग त्यातला एक भाग बाहेर काढून बघितला.

तो आवाज होता.

तिने हेडफोन लावले. फोटो होता घराच्या पायऱ्यांवरचा. तरुण मावशी, माझी आई, आणि मध्ये तोंडात दोन बोटं घातलेली छोटी ताई.

आधी नुसती खरखर. मग लांबून गेलेली एक स्कूटर. मावशीचं हसणं. आणि मग...

"हलू नका रे. इकडे बघा."

काका.

ताईने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. तेवढ्यात, अगदी लांबून, एका लहान मुलीचा आवाज आला.

"मला पण घ्या ना."

आपणच असू, असं तिला वाटलं. लहान मुलांचे आवाज सारखेच वाटतात. तिने दुसरा फोटो घेतला. मावशीच्या लग्नानंतरचा, गच्चीवरचा. ताईचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

वारा. काकांचं खाकरणं.

आणि तोच आवाज...

"मला पण घ्या ना."

ताईने ऑफिसातल्या मित्राला फोन केला. त्याला सगळे शंकासुर म्हणतात. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, हेच त्याचं काम. भूतखेत म्हटलं की तो माणूस जांभई देणार. तिने काहीही न सांगता त्याला तो फोटो, त्यातून काढलेला आवाज आणि आपला प्रोग्रॅम पाठवला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. म्हणाला, फाइल व्यवस्थित आहे, तुझ्या प्रोग्रॅममध्येही काही गडबड दिसत नाही. मग त्याने विचारलं, "ती मुलगी कोण गं? तिला का नाही घेतलं फोटोत?"

ताईने फोन ठेवला.

हे सगळं मावशीला सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी उठताना हेडफोनची वायर खुर्चीत अडकून निघाली आणि काकांचा आवाज खोलीभर झाला. मावशी नेमकी चहा घेऊन दारात.

कप तिने जमिनीवरच ठेवला. लॅपटॉपपाशी आली आणि स्पीकरवर तळहात ठेवला.

"परत लाव," एवढंच म्हणाली.

मग रोजचंच झालं. जेवण आटपलं की मावशी पलंगावर येऊन बसायची आणि ताई एकेक फोटो लावायची. मावशी जेवायला लागली. रंगही सुधारला तिचा. शेजारणी ताईचं कौतुक करायला लागल्या. एकदा ताईने धीर करून विचारलं, आई, ती मुलगी कोण?

"असेल कुणी शेजारची," मावशी म्हणाली.

वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वर्षी, तीच एक शेजारची? ताईने तसं म्हणूनही बघितलं. मावशीने फक्त आवाज मोठा करायला सांगितला.

फोटो जसजसे अलीकडचे येत गेले, तसतसा तो आवाज जवळ येत गेला. आधी अंगणापलीकडून यायचा. मग उंबऱ्यातून. मग काकांच्या अगदी शेजारून. ती मात्र मोठी झाली नव्हती. आवाज तेवढाच, पोरवयाचा.

आणि एका फोटोत काका तिच्याशी बोलले.

हळूच. कुणाला ऐकू जाऊ नये असं.

"जागा नाही गं बाळा."

त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तेच. ती मागायची, काका नाही म्हणायचे. कधी समजुतीने, कधी दमून. शेवटच्या फोटोत तर त्यांना धाप लागली होती. तरी म्हणाले, "नाही गं. जागा नाही."

ताईने मावशीकडे बघितलं.

मावशी डोळे मिटून ऐकत होती. आणि ऐकता ऐकता ती पलंगावर थोडी बाजूला सरकली... कुणी बसायला आलं की आपण सरकतो ना, तशी.

त्याच संध्याकाळी मावशी बाजारात गेल्यावर ताईने निर्णय घेतला. कंपनीचा जुना प्रोग्रॅम, लपलेले भाग वाटेत गाळून टाकणारा, तिच्याकडे होताच. त्यातून तिने सगळे फोटो दुसरीकडे कॉपी केले. फोटो आले, आवाज आले नाहीत. मग मूळचे पुसायच्या आधी तिने काकांचं "हलू नका रे" शेवटचं ऐकलं.

आणि सगळं पुसून टाकलं.

आईला काय सांगायचं, या विचाराने रात्रभर तिचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी नेहमीसारखी येऊन बसली. ताईने खरं ते सांगून टाकलं. आता रडेल, बोल लावेल, अशी तिची तयारी होती.

मावशी शांत होती.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच ती सकाळी एकटीच आली."

ताईने मागे वळून दाराकडे बघितलं.

"स्वयंपाकघरात आली होती. जागा आहे का, विचारत होती." मावशीने पलंगावरची चादर तळहाताने सारखी केली. "रोज नाही म्हणायला ते होते. मी कसं नाही म्हणू एवढ्याशा पोरीला? ये म्हटलं."

ताई अजून मावशीकडेच राहते. कंपनीचा तो प्रोग्रॅम बाजारात आला, चांगला चालतोय. तिने ते काम सोडून दुसरं घेतलं. त्या घरात काय काय होतं, हे ती सांगत नाही. मीही खोदून विचारत नाही.

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला होता. आवाज इतका आनंदी की मला ओळखूच येईना. सगळे एकदा जमा म्हणाली, बऱ्याच दिवसांत एकत्र फोटो नाही.

मी काहीतरी कारण सांगून टाळलं. पण मावशीने फोन ठेवायच्या आधी पलीकडून कुणीतरी खुदकन हसलं.

ताई तेव्हा माझ्याच शेजारी बसली होती.