गुरुवारची सोबत

कोणीतरी हलकेच खाकरलं आणि ती जागी झाली.

दोन पायऱ्या खाली एक माणूस उभा होता. धाप लागलेला, शर्टाच्या खांद्यांवर पावसाचे ठिपके, हातात लोकरीच्या गुंड्यांनी फुगलेली कापडी पिशवी. पिशवीतून विणायच्या सुयांची टोकं डोकावत होती. तिला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. कारण अशी पिशवी घेऊन या जिन्याने फक्त बायका चढत, आणि त्याही साठीच्या पुढच्या.

"माफ करा," तो म्हणाला, "चौथ्या मजल्यावर एक आजारी गृहस्थ राहतात ना? मला उशीर झाला... त्यांच्या मुलीला बाहेर जायचं होतं."

"मुलगी मीच. तुम्ही?"

"मी महिला मंडळाकडून."

तिने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं. "महिला मंडळाकडून," ती म्हणाली.

"आईचा पाय प्लास्टरमध्ये आहे. सहा आठवडे. तिचा गुरुवार चुकायला नको म्हणून..." त्याने पिशवी किंचित वर उचलली, जणू ते ओळखपत्र होतं.

तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजून चौदा मिनिटं. सोबतीला येणाऱ्या मावशी अजून का आल्या नाहीत ते बघायला ती एक मजला खाली उतरली होती, पायरीवर टेकली होती, आणि चार मिनिटं तिला काहीच कळलं नव्हतं. चार मिनिटं बाबा वर एकटे होते. ती धावतच वर गेली. बाबा खुर्चीत होते तसेच होते. नवीन माणूस पाहून त्यांनी फक्त भुवया उंचावल्या.

चर्चच्या महिला मंडळाचं हे काम बरंच जुनं. डोंगरातल्या मिशनच्या दवाखान्यासाठी मंडळ दरवर्षी ब्लँकेटं पाठवी. प्रत्येकीने लोकरीचे चौकोन विणायचे आणि मग ते एकत्र जोडायचे. कोणाच्या तरी ध्यानात आलं की चौकोन काय, कुठेही बसून विणता येतात. मग ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिथेच जाऊन का विणू नयेत? तेव्हापासून आठवड्यातून एकदा, तीन ते पाच, मंडळातली एक बाई विणकाम घेऊन अशा घरी जाऊन बसे. त्याला सगळ्या 'सोबत' म्हणत. नियम एकच होता. सोबत आली की घरातल्या माणसाने बाहेर पडायचं. स्वयंपाकघरात शिरायचं नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत, पाहुणीला चहा करायचा नाही. घरातलं माणूस घरातच राहिलं तर सोबत वाया गेली, असं अध्यक्षबाई बजावून सांगत.

म्हणून दर गुरुवारी ती चपला घाली, छत्री घेई, "येते हं बाबा" म्हणे, आणि एक मजला उतरून तिसऱ्या मजल्याच्या बंद घरासमोर पायरीवर बसून राही. पाच महिने हे असंच चाललं होतं. चार मजले उतरायचे म्हणजे परत चार मजले चढायचे, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. शिवाय जायचं कुठे? पहाटे उठून बाबांचं आवरायचं, सकाळची बाई आली की दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जाऊन दुपारपर्यंत रक्ताचे नमुने तपासायचे, आणि ती बाई जायच्या आत घरी पोचायचं. एवढं झालं की अंगात उरे ते फक्त बसण्यापुरतंच. पाचला ती वर गेली की मावशी म्हणत, "बघ, जरा फिरून आलीस तर चेहऱ्यावर कशी टवटवी आली." ती मान हलवी. टवटवी झोपेची होती.

दुसऱ्या गुरुवारी तो तीनला पाच मिनिटं असतानाच हजर झाला. दारात बाबांची औषधं, पाण्याचा पेला, उजव्या कुशीची उशी असं सगळं तिने भराभर सांगितलं. त्याने ते तसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. हा माणूस ऐकतो, एवढं तिच्या मनाने टिपून ठेवलं. ती खाली जाऊन बसली. डोळा लागणार एवढ्यात वरून हसण्याचा आवाज आला. एक हसणं त्याचं होतं. दुसरं खरखरीत, अडखळत येणारं... ते कोणाचं ते ओळखायला तिला वेळ लागला. पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबा हसले नव्हते.

पाच वाजता तिने दार उघडलं. बाबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. आता शब्द उशिरा येत, पण चूक अजून नजरेतून सुटत नसे. त्यांच्या मांडीवर लाल लोकरीचा एक चौकोन होता, आणि त्यांचं बोट त्याच्या कडेवरून फिरत होतं.

"चौरस... नाही," बाबा म्हणाले. "समलंब."

"मी लिफ्ट दुरुस्त करतो हो," तो म्हणाला. "मला पोलादी दोर कळतो. ही लोकर ओढली की ताणते, सोडली की रुसते."

ती हसली. तो पिशवी आवरून दारापर्यंत आला आणि तिच्या हातातल्या छत्रीकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाला, "बाहेर मगापासून धो धो पडतोय."

"हो ना, फार पाऊस."

"मग छत्री कोरडी कशी?"

तिने छत्रीकडे पाहिलं. प्रयोगशाळेत रोज पुरावेच तपासणारी ती, स्वतःचा पुरावा मात्र हातात धरून उभी होती.

"मंडळात सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल."

"सांगणार नाही. पण तुम्ही जात का नाही?"

"दमते," ती म्हणाली. एवढंच खरं होतं, आणि ते कोणाला सांगून तिला किती दिवस झाले होते.

त्यावर त्याने उपदेश केला नाही. पुढच्या गुरुवारी मात्र दारातच तिला एक काम सांगितलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकानाला नवा रंग दिला आहे म्हणे, तो निळा की हिरवा एवढं पाहून यायचं. हे काय काम झालं, असं तिने विचारलं. बाबांशी पैज लागली आहे, तो गंभीरपणे म्हणाला, आणि दोघांनाही खाली उतरणं शक्य नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. हसू लपवायचं असलं की ते तसंच करत.

ती गेली. रंग धड निळा नव्हता, धड हिरवाही नव्हता. परत येताना ती विनाकारण एक रस्ता जास्त चालली. पाचला तिने दारात अहवाल दिला आणि तिघांमध्ये रंगावरून दोन मिनिटं वाद झाला. त्यांना एकमेकांसाठी एवढाच वेळ मिळे. येताना दोन मिनिटं, जाताना दोन मिनिटं. तो आत असला की ती बाहेर, आणि ती आत आली की त्याची जायची वेळ. मंडळात कोणीतरी कुजबुज केली होती की लग्नाच्या मुलीच्या घरी पुरुषमाणूस जातो, बरं दिसतं का? अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे निकाल लावला. ती घरात नसतेच, मग आक्षेप कशाला?

चौथ्या गुरुवारी त्याने चिठ्ठीवर एक पत्ता दिला. दोन रस्ते पलीकडची बारा मजली कचेरी. तिथल्या लिफ्ट तोच बघतो. रखवालदाराला सांगून ठेवलंय. बाराव्या मजल्याच्या जिन्याला पश्चिमेची खिडकी आहे. सव्वाचारला तिथे उभं राहायचं.

"काय दिसतं तिथून?"

"ते तुम्हीच सांगायचं."

लिफ्ट आवाज न करता वर गेली. खिडकीच्या काचेवर पावसाचे ओघळ होते. तिने तळहाताने आतली वाफ पुसली. आधी नुसती छपरं दिसली. मग त्यांत तिला आपली इमारत सापडली, मग चौथा मजला, गॅलरीत वाळत घातलेली आपली चादर, आणि तिच्या शेजारी आपली खिडकी. काड्यापेटीएवढी. सगळं घर, सगळी औषधं, सगळ्या पहाटा त्या एवढ्याशा चौकटीत मावल्या होत्या.

बरोबर सव्वाचारला त्या चौकटीत काहीतरी लाल हललं.

झटका आल्यापासून बाबा खिडकीशी गेले नव्हते. खोलीच्या उंबरठ्यावर चाकाची खुर्ची अडे, आणि खुर्ची उचलण्याची ताकद तिच्यात नव्हती. आता ते खिडकीत बसले होते, आणि त्यांच्या चांगल्या हातात तो वेडावाकडा लाल चौकोन होता. तो हात हलत होता. मागे कोणीतरी उभं होतं, अगदी स्थिर... तिने हात वर केला. त्यांना दिसणार नाही हे ठाऊक असूनही बराच वेळ हलवत राहिली.

घरी आली तेव्हा उंबरठ्यावर लाकडाची उतरती फळी ठोकलेली होती. तिला बरंच काही बोलायचं होतं. "घर फार लहान आहे आमचं," एवढंच ती म्हणाली.

"लांबून सगळीच लहान दिसतात," तो म्हणाला. आणि त्या दिवशी जाताना दोन मिनिटांची पाच मिनिटं झाली.

पाचव्या गुरुवारी दारात त्याने सांगितलं की आईचं प्लास्टर पुढच्या बुधवारी निघेल. त्या गुरुवारी तिचा पाय अजून आखडलेलाच असेल, म्हणून तेवढा एक दिवस तोच येईल. नंतर आई येईल. मंडळात सगळ्या खूश आहेत; त्याचे चौकोन त्या गुपचूप उसवून पुन्हा विणत असत, हे त्याला नुकतंच कळलं होतं.

"छान," ती म्हणाली. जिना उतरताना मात्र तिचे पाय जड झाले. तीन वर्षांपूर्वी तिचं एकदा ठरलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्याने फक्त विचारलं होतं, वडिलांना मिशनच्या वृद्धाश्रमात ठेवता येणार नाही का? ती नाही म्हणाली, आणि ते तिथेच थांबलं. तेव्हापासून तिने हा विषय कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिला होता, जिथे हात पोचत नाही. आता कोणीतरी तो खाली काढू पाहत होतं, आणि तोच प्रश्न पुन्हा ऐकण्याइतकं बळ आपल्यात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सहाव्या गुरुवारी तो आला तेव्हा तिच्या पायात घरातल्या सपाता होत्या.

"आज मी जाणार नाही," ती म्हणाली.

"सोबत वाया जाईल."

"जाऊ दे. तुम्ही पाच आठवडे मला बाहेर पाठवलंत. आज आत काय असतं ते बघा."

तो बसला. तिने काही लपवलं नाही. बाबांना कुशीवर वळवलं, ओली चादर बदलली, औषध पाजलं, ओठांच्या कडेने ओघळलेलं पुसलं. तो सांगावं लागायच्या आत उठे, धरायचं तिथे धरी, आणि पुन्हा बसे. चारच्या सुमारास बाबांचा डोळा लागला. ती त्याच्यासमोर खुर्चीत टेकली. तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. म्हणायला लागली, "मला तुम्हाला सांगायचं होतं, की..." आणि पुढचं वाक्य झोपेत गेलं.

जाग आली तेव्हा पाऊस थांबला होता आणि खोलीत पिवळट उजेड होता. तो जागचा हलला नव्हता. सुया मांडीवर होत्या, आणि नुकताच विणून झालेला चौकोन त्याच्या मुठीत.

"पाच वाजले?" तिने विचारलं.

"पाच वाजून सात मिनिटं."

"सोबत पाचला संपते."

"हो."

"मग आता तुम्ही मंडळाकडून नाही."

"नाही."

तिने केस मागे सारले. चेहऱ्यावर खुर्चीच्या पाठीचे वळ असणार, हे तिला जाणवलं. पण लपवायचा कंटाळा आला. "मग इथे कोण म्हणून बसला आहात?"

त्याने मांडीवरच्या सुया बाजूला ठेवल्या.

"तेच विचारायला थांबलोय," तो म्हणाला. "कोण म्हणून बसू?"

"हे असंच असणार आहे," ती म्हणाली. "किती वर्षं, ते मला माहीत नाही. मी बाबांना कुठेही ठेवणार नाही. मी दमलेली असेन. महत्त्वाचं बोलता बोलता झोपेन. आत्ता झोपले तशी. तुम्ही सहा गुरुवार पाहिलेत, रोजचं पाहिलं नाहीत."

"लिफ्टमध्ये माणसं अडकतात ना," तो म्हणाला, "तेव्हा आमचं पहिलं काम हत्यारं काढणं नसतं. दाराशी बसून त्यांच्याशी बोलत राहणं. आणि नवख्याला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की आतल्या माणसाला 'दोनच मिनिटं' म्हणून सांगायचं नाही. किती वेळ लागेल ते कोणालाच ठाऊक नसतं. आपण फक्त जायचं नाही... एवढंच." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "बाबांना कुठे ठेवायचं, हे मी विचारत नाही. मला ते आवडतात. त्यांची मुलगी जास्त आवडते. ती जागी असली तर उत्तमच."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. दोन्ही एकदम झालं की तिची धांदल उडे. तिने त्याच्या मुठीतला चौकोन काढून घेतला आणि उजेडात धरला. चारही कडा वेगवेगळ्या लांबीच्या होत्या.

"हा कोणी उसवायचा नाही," ती म्हणाली.

"मिशनला असा पाठवणार?"

"हो. डोंगरात थंडी असते. चौकोन सरळ आहे की नाही ते तिथे कोण मोजतंय?"

खाली कुठेतरी दार वाजलं. जिन्यावर पावलं आली आणि वरच्या मजल्याकडे निघून गेली. बाबांनी डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा घट्ट मिटून घेतले.

घड्याळात साडेपाच झाले. तो उठला नाही, आणि तिनेही त्याला उठवलं नाही.