भुकेची सोबत

पडद्यावर दिसणारं यकृत पहिल्या दिवशी होतं तेवढंच होतं, रतीभरही आक्रसलं नव्हतं. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या, मिरजेच्या भारशल्य केंद्रातल्या डॉ. फरीदा मुजावर यांनी तपासणीचं यंत्र वत्सला कोष्टींच्या बरगडीखालून पुन्हा एकदा फिरवलं आणि शेवटी जे विचारायचं ते विचारलंच.

"वत्सलाताई, खरं सांगा. मधे काही खाल्लंत?"

वत्सला टेबलावर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली. हा प्रश्न तिला लहानपणी आईने विचारला होता, सासरी सासूने विचारला होता, शाळेत शिकवायला लागल्यावर बाकीच्या बायांनी हसत हसत विचारला होता. जाड माणसाचं बोलणं खरं असतं असं जगात कुणालाच वाटत नाही. इतकी वर्षं ती मूग गिळून बसली, आता भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही दिलेलं पातळ पेय, पाणी आणि ताक. दुसरं काही नाही. शपथ घ्यायची तर घेते."

"शपथ कशाला? पण यकृत असं फुगलेलं असलं तर ते उचलून मागच्या जठरापर्यंत मी पोचणार कशी? म्हणून तर शस्त्रक्रियेआधी एवढे आठवडे पातळ आहार देतो आपण. शस्त्रक्रियांची यादी ठरवणाऱ्या समितीची आज संध्याकाळी बैठक आहे. त्यांनी यादीतून नाव कापलं की पुन्हा रांगेच्या शेपटाला जाल, आणि तुमचं हृदय दोन वर्षं तग धरेल असं मला वाटत नाही."

वत्सलालाही वाटत नव्हतं. झोपेत श्वास अडकून ती दचकून उठायची, आणि शेजारी नवरा उठून बसलेला असायचा, ती श्वास घेते की नाही ते बघत. शस्त्रक्रिया झाली तर जगेन, नाही झाली तर नाही, एवढा सरळ हिशोब होता.

दारात चेतातज्ज्ञ डॉ. हेरवाडकर उभे होते. वत्सलाच्या पोटावरचा सोबतपट्टा त्यांनीच बसवलेला. "एक मिनिट, मॅडम," ते म्हणाले. "यांची भूक तर व्यवस्थित बाहेर जातेय. भूकच लागत नसेल तर माणूस चोरून खाईल कशाला?"

"मग वजन का उतरत नाही? पट्टाच चुकत असेल."

"पट्टा काय करतो? जठराकडून मेंदूकडे निघालेली भुकेची खबर वाटेत धरतो आणि सोबत्याच्या पट्ट्याकडे पाठवतो. भूक सोबत्याला लागते. तो जेवतो, त्याचं पोट भरतं, आणि ती भरल्याची खबर परत फिरून यांच्या मेंदूला मिळते. पूर्वी आपण रुग्णांची भूक नुसतीच दाबून टाकायचो, तेव्हा काय झालं होतं आठवतंय?"

"शरीर घाबरलं होतं."

"बरोबर. हाक मारली आणि उत्तर नाही, म्हणजे दुष्काळ पडला असं शरीर समजतं. मग सगळा खर्च बंद करून बसतं, चरबीचा कण सोडत नाही. बनावट तृप्ती पाठवून बघितली, तर मेंदूने चार दिवसांत ओळखली. म्हणून खरंखुरं जेवणारं माणूस लागतं." ते वत्सलाकडे वळले. "ताई, तुम्हाला कसं वाटतं? पोट भरल्यासारखं?"

वत्सलाने विचार केला. "भूक नाही. पण भरल्यासारखंही नाही. नुसती मरगळ. हातपाय गार पडतात, वेणी घालायचंसुद्धा जिवावर येतं. मला वाटलं, असंच असतं."

"असं नसतं," हेरवाडकर म्हणाले आणि त्यांनी बाहेर बसलेल्या सोबत्याला आत बोलावलं.

सोबती म्हणजे तिचा नवरा, दिगंबर. इचलकरंजीत जन्मभर यंत्रमागावर काढलेला माणूस, कमी बोलणारा. पट्टा बसल्यापासून तो घरात जेवत नव्हता. तुझ्यासमोर ताट वाढून घेणं बरं दिसत नाही, घरात फोडणीचा वास नको, मी कोपऱ्यावरच्या खानावळीत जातो, असं त्याने सांगितलं होतं आणि वत्सलालाही ते शहाणपणाचं वाटलं होतं.

"या काका. जेवण झालं?"

"झालं की," दिगंबर सवयीने म्हणाला.

"कधी?"

हेरवाडकरांनी हातातल्या पडद्यावर पट्ट्याच्या नोंदी उघडल्या. "तुमच्या पट्ट्यातून ताईंकडे आजवर पोट भरल्याची एकही खबर गेलेली नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं. यंत्र ठीक आहे ना, काका?"

वत्सला कोपरावर भार देऊन कशीबशी उठून बसली. इतक्या दिवसांत तिने नवऱ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्याचे गाल आत गेले होते, आणि विजार कमरेला सुतळीने बांधली होती.

"अहो, बोला ना. काय केलंत?"

"चौंडेश्वरी देवीला नवस बोललोय," तो खाली बघत म्हणाला. "तू बरी होऊन घरी येईस्तोवर अन्नाला शिवणार नाही. दूध आणि एखादं केळं, बास."

डॉ. मुजावरांनी तपासणीचं यंत्र खाली ठेवलं. "काका, तुम्हाला सांगितलं होतं ना रोज पोटभर जेवायचं म्हणून?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, दवाखान्यात तसं सांगायची पद्धत असेल. बायको उपाशी आणि मी जेवायचं, हे काय पटेना."

वत्सलाला संताप आला. आपल्यावर संशय, आपलं नाव कापायची वेळ, आणि सगळं कशापायी, तर या माणसाच्या भक्तीपायी! तिने तोंड उघडलं, पण दिगंबरच बोलायला लागला, आणि तो इतकं कधी बोलत नसे.

"वत्सला, तुझी भूक मला लागली. माझी होतीच, वर तुझी. आतडं पिळवटायचं. एकदा रस्त्यात भज्यांच्या गाडीपाशी उभा राहिलो आणि रडायला आलं, म्हाताऱ्या माणसाला. तुला हे रोज होत होतं? एवढं घेऊन तू शाळेत पोरांना शिकवायचीस? आणि मी म्हणायचो, तोंडाला जरा आवर घाल."

वत्सलाचा राग तिथेच विरला.

"मग आता सोपं आहे," डॉ. मुजावर म्हणाल्या. "काका, जेवायला लागा. समितीकडून मी दहा दिवस मागून घेते."

"नवस मोडता येत नाही," दिगंबर म्हणाला. "हिच्या जिवासाठी बोललोय. मोडला आणि टेबलावर हिला काही झालं तर?"

हेरवाडकर त्याला समजावून थकले. दुसरा सोबती शोधायचा तर त्याच्या चेतातंतूंशी जुळवायलाच महिना गेला असता. तो जेवेपर्यंत शस्त्रक्रिया नाही, आणि शस्त्रक्रियेशिवाय तो जेवणार नाही. दोघा डॉक्टरांनी हात टेकले.

वत्सला मात्र टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली. "तुमच्या आई तापाने पडल्या, तेव्हा त्यांची चतुर्थी कुणी धरली?"

"तू."

"चालली ना देवाला? मग तुमचा हा उपवास मी धरते. अन्नाला मी शिवतच नाहीये, त्या पातळ पेयावर आणि ताकावरच आहे. घरी येईस्तोवर धरीन. माझी भूक तुम्ही घेतलीत, तुमचा उपवास मला द्या."

"पण बोललोय मी. देवीला चालेल?"

"तिची काळजी नको. ती बाई आहे, तिला कळतं."

डॉ. मुजावरांनी उपाहारगृहातून ताट मागवलं. भात, आमटी, चपाती आणि दोडक्याची भाजी. दिगंबरने डोळे मिटून हात जोडले आणि पहिला घास घेतला. मग तो मान खाली घालून जेवत राहिला.

वत्सलाला आधी काहीच कळलं नाही. मग पोटात ऊब आली, हळूहळू वर सरकली, खांदे सैल पडले. आयुष्यभर ती पंगतीत पहिल्या वाढीनंतर बास म्हणत आली होती, लोक बघतात म्हणून. आत मात्र कधीच बास झालं नव्हतं.

डॉ. मुजावर भाताचा चमचा घेऊन पुढे झाल्या तशी दिगंबरच्या आधी वत्सलाच म्हणाली, "बास."

दिगंबरने तिच्याकडे पाहिलं आणि ताटावर हात आडवा धरला.