खारोडे वळण

धामणखेडच्या शाळेच्या मैदानावर सकाळचा सराव चालला होता. मैथिली बॅटनं चेंडू उंच उडवत होती आणि लांब उभ्या असलेल्या बारक्या पोरी तो झेलायला धावत होत्या. तिचा बाप गुणवंत खारोडे कुंपणाच्या खांबाला टेकून चहा पीत पाहत होता.

एक चेंडू डाव्या अंगाला खोल गेला. बॅटचा आवाज झाला न झाला तोच एक पोरगी निघाली. काही पावलं सरळ, मग वाटेत काहीतरी आडवं आल्यासारखी बाहेरून वाकली, वळसा घालून पुन्हा सरळ झाली. चेंडू तिच्या हातमोज्यापासून वीतभर लांब पडला. दुसरी धावली, तीही तिथंच वाकली. तिसरीचंही तेच.

वाटेत आडवं असं काहीच नव्हतं. सपाट हरळी होती आणि तिच्यात एक साळुंकी किडे टिपत होती.

गुणवंतानं चहाचा कप खाली ठेवला. पोरींची नावं त्याला ठाऊक नव्हती, पण ते धावणं त्याचं होतं. खांदा किंचित खाली, मान वर, डावा पाय आधी. म्हणजे यांच्याही आईबापांनी त्याचं धावणं शिकवणारे पट्टे घेऊन दिले, असं त्याच्या मनात आलं आणि त्या आईबापांचा त्याला राग आला. मग स्वतःचा आला.

बेसबॉल हा खेळ धामणखेडात आला तोच मुळी चुकून. परतवाड्याच्या या अंगाला तेव्हा त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. शाळेनं व्हॉलीबॉल मागवले होते, पुरवठादारानं बेसबॉलचे हातमोजे आणि बॅटी धाडल्या. परत पाठवायचा उपद्व्याप कोण करणार, म्हणून पीटीच्या सरांनी खेळच बदलून टाकला. त्यातला एक हातमोजा गुणवंताच्या हाताला असा बसला की त्यानं त्याला पुढं देशातल्या व्यावसायिक लीगपर्यंत नेलं. गुणवंत आउटफिल्डर होता. क्रिकेटमधला सीमारेषेजवळचा क्षेत्ररक्षक समजा, फक्त राखायचं रान मोठं आणि सोडलेल्या झेलाला माफी नाही. इतर खेळाडू चेंडू दिसल्यावर निघत, हा नुसत्या बॅटच्या आवाजावर निघायचा. चेंडू कुठं पडणार हे खारोडेला चेंडूच्या आधी कळतं, असं लोक म्हणत.

डाव्या अंगाला खोल गेलेल्या चेंडूमागं मात्र तो वळसा घालून जायचा. समालोचकांनी त्याला 'खारोडे वळण' असं लाडाचं नाव दिलं, जाहिरातवाल्यांनी त्या नावावर बूट विकले. कारकिर्दीच्या अखेरच्या अंतिम सामन्यात त्याच वळणापायी एक झेल वीतभरानं हुकला आणि अजिंक्यपद हातचं गेलं. तरी कुणी त्याला बोल लावला नाही. मोठ्या माणसाची खोड म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

निवृत्तीनंतर पुण्याच्या एका कंपनीची माणसं आली. त्यांनी 'चलनठसा' शोधून काढला होता. माणूस धावतो तेव्हा मेंदूकडून मणक्यावाटे स्नायूंना आज्ञा जातात. टोपीत आणि बंडीत बसवलेले संवेदक त्या टिपून घेत आणि मग त्या गळ्यातल्या एका पट्ट्यात भरल्या जात. पट्टा घालून काही महिने सराव केला की तो मणक्याला तशाच हलक्या आज्ञा देत राही. शेवटी पट्टा काढला तरी शरीर विसरत नसे, सायकल विसरत नाही तसं. गुणवंतानं त्यांना पळून दाखवलं आणि सही करून टाकली. आपल्यामागं आपलं काही उरणार म्हणून त्याला आनंद झाला होता. खोटं कशाला बोला, गर्वच झाला होता.

ठसा जगभर गेला. मैथिलीनंही चौदाव्या वर्षी हट्टानं पट्टा घातला. आडातच आहे तर पोहऱ्यात येणारच, असं गाव कौतुकानं म्हणालं. ती महिलांच्या लीगमध्ये पोचलीही. आणि मग कुणीतरी संगणकाला विचारलं, तेव्हा कळलं की निम्म्या जगाचे आउटफिल्डर एकाच जागी वाकतात. फलंदाज नेमके तिथंच चेंडू मारू लागले. एका हंगामात ठसेवाले खेळाडू सगळ्या संघांना नकोसे झाले. मैथिलीच्या संघानंही तिला निरोप दिला, की वळण जात असेल तर महिनाअखेरच्या निवडीला ये, नाहीतर येऊ नकोस. तिला दुसरं काहीच येत नव्हतं. तिनं ते येऊच दिलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर कंपनीची गाडी मैदानात शिरली. तन्वी केळुसकर नावाची अभियंता उतरली, पेट्या उघडल्या, चेंडू फेकणारं यंत्र मांडलं. बाई सरळ होती, आडपडदा न ठेवता बोलणारी.

"जुन्या ठशावर दुसऱ्या कुणाचा ठसा बसत नाही, खारोडे सर. आम्ही करून पाहिलं. मुलांचे पाय अडखळायला लागले, एकाचा गुडघा गेला. फक्त तुमचाच बसेल. तुम्ही एकदा सरळ पळालात की ती दुरुस्ती सगळ्यांना पाठवता येईल. मैथिलीलासुद्धा."

"एकदाच पळाचं?" गुणवंतानं विचारलं.

"एकदाच. पण सरळ."

"मंग ते पुण्याले नसतं झालं?"

"तुम्ही इथं शिकलात ना. ओळखीच्या जागी शरीर मोकळं होतं."

गुणवंत हसला, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. त्यानं टोपी घातली, बंडीचे बंद आवळले आणि मैदानाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. यंत्रानं बॅटसारखं 'टक' केलं. चेंडू डाव्या अंगाला खोल गेला. गुणवंताचे पाय पन्नाशीचे होते, पण आवाजावर निघाले ते जुन्यासारखेच. आणि हरळीच्या त्याच तुकड्याशी येऊन वाकले.

पुन्हा चेंडू सुटला, पुन्हा तो वाकला. तन्वीनं चुन्यानं सरळ रेघ ओढून दिली. रेघेवरून निघालेला गुणवंत अर्ध्या वाटेत रेघ सोडून बाहेर गेला. तो धापा टाकत गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला.

"सर, तिथं काही नाहीये," तन्वी हळू आवाजात म्हणाली.

"मले माहीत हाय. पायाले माहीत नाही."

मैथिली पाण्याची बाटली घेऊन आली. तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं आणि बाटली पुढं करायची विसरली. "बाबा, काय होतं तिथं?"

इतकी वर्षं गुणवंतानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. पत्रकारांना नाही, बायकोलाही नाही. पण लेकीची सगळी आशा त्या हरळीच्या तुकड्यावर येऊन अडली होती. आता गप्प राहणं त्याला जमेना.

"विहीर होती," तो म्हणाला. "संत्र्याच्या बागेची. बाग वाळून गेली, विहीर राह्यली. कठडा नव्हता तिले. आमी तिच्या अल्याड खेळत जावो. तुह्या सुधाकाकाले, माह्या मोठ्या भावाले, माह्यापेक्षा चांगलं येत होतं. मले त्यानंच शिकवलं. आवाज आयक, म्हने, आन एकदा चेंडू दिसला का डोया हलवू नको. जमिनीकडं पाह्यलं का झेल सुटते." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "त्यानं नाही हलवला."

"काका तं तापानं गेले ना?"

"तुले तसं सांगतलं."

तन्वीनं यंत्र बंद केलं होतं.

"गावानं विहीर बुजवली. दगड टाकले, माती टाकली, वर हरळी आली. आमी पोट्टे पुन्हा खेळाले लागलो. पण मी सुधादादाच्या जागेवर उभा राहो, आन मले तिथून सरळ जाताच येत नव्हतं. वळसा घालून जाचं म्हनजे लांब पडे. मंग लवकर निघा लागे. आवाज झाला का निघा लागे."

मैथिलीनं बाटली जमिनीवर ठेवली. ती चालत चालत हरळीच्या त्या तुकड्यावर गेली आणि मधोमध उभी राहिली. टाचेनं जमीन आपटून तिनं बापाला आवाज ऐकवला. "हे पाहा. पक्की हाय. माह्याकडं या, बाबा. माह्या अंगावरून जा."

आपली पोर तिथं उभी आहे हे त्याला बघवेना, आणि तिच्यावरून नजरही काढवेना. तन्वीनं यंत्र चालू केलं. 'टक' झालं. या वेळी तो मैथिलीकडं पाहत धावला आणि सरळ गेला. तिच्या खांद्याला त्याचा खांदा घासला, पायाखालची जमीन जमिनीसारखीच होती, आणि तो पलीकडं पोचला. चेंडू त्याच्या पुढं पडून केव्हाच थांबला होता.

मैथिली टाळ्या वाजवत धावत आली. "सरळ! बाबा, सरळ गेले तुमी!"

तन्वी संगणकाच्या पडद्यावरून मान वर करीना. तिनं आलेख मागं नेला, पुढं आणला, पुन्हा मागं नेला.

"सरळ आलात, सर," ती म्हणाली. "पण निघालात उशिरा. इतर कुठलाही खेळाडू चेंडू दिसल्यावर निघतो तेव्हा."

"वय झालं माह्यं."

"वय नाही. त्याआधी प्रत्येक वेळी तुम्ही आवाजावरच निघाला होतात." तिनं पडदा त्याच्याकडं वळवला. "लांबून जायचं आहे हे तुमच्या शरीराला माहीत असतं, म्हणून ते लवकर निघतं. वळसा नाही म्हटल्यावर त्याला घाई कसली? आम्हाला वाटलं होतं, तुमचं निघणं हे कसब आणि वळण हा दोष. पण ती एकच आज्ञा आहे. तिचे दोन तुकडे करता येत नाहीत."

"आन हीच दुरुस्ती मले दिली तं?" मैथिलीनं विचारलं.

"तर तू सरळ धावशील. आणि बाकीच्यांसारखी उशिरा निघशील."

"बाकीच्यांसारख्या पोरी लीगमधे घेत नाहीत."

"नाही," तन्वी म्हणाली. धीर द्यायला म्हणून ती खोटं बोलली नाही, आणि त्याबद्दल गुणवंताला ती बरी वाटली. पेट्या बंद करता करता तिनं एवढंच सांगितलं की कंपनी ही दुरुस्ती बहुधा पाठवूनच देईल, कारण तक्रारी फार झाल्यात. ज्याला हवी त्यानं घ्यावी. मग गाडी धुरळा उडवत निघून गेली.

बाप-लेक मैदानातच बसले. हरळी अजून तापलेली होती. गुणवंताला रडू येत होतं आणि ते आवरायचा त्याला कंटाळा आला होता, म्हणून त्यानं येऊ दिलं.

"लोकांचे बाप शेतीवाडी देतात, घर देतात," तो म्हणाला. "म्या तुले ही विहीर देली. तुलेच नाही, साऱ्या जगाच्या पोरायले देली."

मैथिली हरळीची पाती उपटत होती. "तिथं पोचलं का माह्या पोटात गोळा ये, बाबा. पह्यल्या दिवसापासून. मले वाटे झेल सुटाची भीती असन. ठसेवाल्या सिनियर पोरीयले विचारलं तं त्याही म्हने, होतेच तसं." तिनं उपटलेली पाती हातातून सोडून दिली. "काकाले पोहता येत होतं का?"

"मस्त येत होतं. पण उन्हाळा होता. विहिरीत पाणीच नव्हतं."

कुंपणापलीकडून कुणाच्या तरी बकऱ्या घरी चालल्या होत्या. मैथिलीनं दोन्ही हातांनी गुडघे कवटाळले. ती निवडीला जाणार नाही हे गुणवंताला तिनं न सांगताच समजलं. वळणानं जायचं तर संघ घेणार नाही, सरळ जायचं तर संघाला गरज नाही. तिची कारकीर्द इथंच संपली होती, ज्या जागी त्याची सुरू झाली होती.

शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "सकाळच्या त्या पोरी तुह्याकडं येतात ना, त्यायच्या मायबापायले सांग, पट्टे काढून टाका म्हनाव. लहान हायेत अजून. वेळेवर काढले तं सुटतीन."

मैथिलीनं मान वर केली. "कोनते पट्टे?"

"म्या पाह्यलं ना सकाळी. साऱ्याच्या साऱ्या वाकून राह्यल्या होत्या."

"त्यातल्या एकीजवळही पट्टा नाही, बाबा. धामणखेडात कोन घेऊन देते पट्टे? माह्याकडं पाहूपाहू शिकल्या त्या."

गुणवंतानं हरळीच्या त्या तुकड्याकडं पाहिलं. सकाळची साळुंकी परत आली होती आणि बरोब्बर मधोमध उभी होती.

"दुरुस्ती त्यायच्यावर बसणार नाही," मैथिली म्हणाली. "ठसाच नाही तं बसन कशावर? उद्या सकाळी येतीन त्या, आन कोनीतरी इचारनच, ताई, इथून सरळ काहून नाही जाचं? म्या काय सांगू त्यायले, बाबा?"