बादलीतलं पाणी जातंय कुठं?

"मॅडम, कूलर तुम्हाला पाहिजे का त्या पेटीला?"

हर्षदा दचकली. प्रश्नात चूक काहीच नव्हती. दौंडात, एप्रिलच्या भर दुपारी, रस्त्याकडंच्या कूलरच्या टपरीसमोर ती स्वतः उन्हात उभी होती आन् चालू कूलरपुढच्या स्टुलावर तिनं ओढणीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा सीपीयू ठेवला होता. लेकराला झोपवावं तसा.

"पेटीला," ती म्हणाली. "हिला ताप आलाय."

"किती?"

"शहाण्णव."

"मग तुम्ही उगाच घाबरलाय. माझ्या आईला ठणठणीत असताना अठ्ठ्याण्णव असतो."

"सेल्सिअस! शहाण्णव सेल्सिअस. हिच्यावर चहा उकळंल."

"हां... मग बोलवा की चहाला," टपरीवाला पोरगा म्हणाला, आन् हसला. हसताना त्याचा एक डोळा आधी बारीक व्हायचा, दुसरा मागनं. हर्षदानं ते बघितलं. बघितलं म्हंजी बघायचं नव्हतं, पण नजर गेली. उन्हात माणूस बघणार तरी कुठं?

पोराचं नाव मल्हारी. आज्याच्या काळात घर मेंढरांमागं हिंडायचं, आता दौंडजवळ शेती. ह्यानं आयटीआयला फ्रीज-एसीचं काम शिकून उन्हाळ्यापुरती कूलरची टपरी टाकलेली. आन् हर्षदा मांडवगण फराट्याची. बाप झेंडू लावतो, पोरगी घरबसल्या कॉम्प्युटरवर साच्यांची ड्रॉइंगं करते. कारेगावच्या एका कंपनीनं तीन महिने ट्रायलवर घेतलेली. काम चांगलं झालं तर पर्मनंट. अडचण एकच. तिची खोली पत्र्याची, आन् दुपारी बारा वाजले की कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडायचा. टपरीशेजारच्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं नुकतंच सांगितलं होतं, "आतलं सगळं बदला."

"आतलं काय बदलू नका," मल्हारी म्हणाला. "माठ ठेवा."

"कॉम्प्युटरला माठ?"

"माठातलं पाणी गार का होतं? भिंतीतनं झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं, जाताना गरमी घेऊन जातं. तसंच करू. पाणी उडवू, राह्यलेलं गार पाणी हिच्या डोक्यावरनं फिरवू."

"डोक्यावर पाणी? शॉक लागून मरंल ती!"

"पाइपातनं हो, मॅडम. मी काय आंघोळ घालतोय?"

आता एवढ्यावर कुणी शहाणी पोरगी पोटापाण्याचा कॉम्प्युटर अनोळखी पोराच्या हातात देईल का? न्हाई. पण त्या दुसऱ्या डोळ्याचं काय करायचं... तिनं फोन नंबर दिला. कामासाठी.

रविवारी मल्हारी बाइकवर सामान बांधून मांडवगणला आला. हर्षदाच्या खिडकीबाहेर त्यानं मांडीएवढा जाड पीव्हीसी पाइप उभा केला. आत कूलरची जाळी ठासली, वर आंघोळीच्या शॉवरची चाळणी, खाली पंखा, त्याच्या खाली झाकणाची निळी बादली आन् बादलीत कूलरचा पंप. जुन्या एसीच्या तांब्याच्या नळीपासून त्यानं एक चपटी डबी बनवून आणली होती. ती हर्षदानं स्वतः प्रोसेसरवर बसवली, कारण तिथं ती कुणाला हात लावू देईना.

"दाबा की जरा," तो म्हणाला.

"तुम्ही पाइप बघा. इथलं मला कळतं."

"बरं बाई."

"बाई न्हाई. हर्षदा."

तिचा बाप रोहिदासआण्णा झेंडूतनं आला तो दारातच थबकला. बादली, तांब्याच्या नळ्या, टपटप पडणारं पाणी. "हर्षे," तो हळूच म्हणाला, "हे दारू गाळायचं सामान घरात कुणी मांडलं?"

एवढ्यात कुंपणापलीकडनं शेजारचे बाळासो स्टीलचा गिलास घेऊन हजर! "रोहिदास, कुणाला बोलत न्हाई मी. पहिल्या धारेची तेवढी मला."

आई पदर तोंडाला लावून हसत आत पळाली. मल्हारीनं बाळासोंचा गिलास घेतला, बादलीतलं गार पाणी भरून अदबीनं पुढं केला. "घ्या आप्पा. आरोग्याला चांगली." बाळासोंनी एका दमात घेतली, तोंड वाकडं केलं आन् म्हणाले, "अजून कच्ची हाय."

कॉम्प्युटर चालू करून आधी मुद्दाम तापू दिला. पंप घुमला. आकडा शहाण्णववरनं उतरायला लागला... ऐंशी... सत्तर... अठ्ठावन्नवर येऊन थांबला. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. हर्षदानं टाळी वाजवायला हात वर केला आन् बघितलं तर मल्हारीनं बी केलेला. दोघांच्या हातांची टाळी वाजली. चुकून. मग दोघंही उगाच पंख्याकडं बघत बसले.

जाताना त्यानं बादलीला मार्करनं रेघ मारली. "रोज थोडं पाणी उडणारच, पण बादली आठ दिवस पुरंल. पाणी फिल्टरच्या जारचं टाका, बोअरचं न्हाई. आपल्या बोअरच्या क्षारानं नळी धरंल. आन् रेघेच्या खाली जाऊ देऊ नका. पाइपात हवा धरली की नुसतं पाणी टाकून पंप उचलत न्हाई."

"मग काय करायचं?"

"मग..." त्यानं डोकं खाजवलं, "...मला फोन करायचा. ते जरा अवघड काम हाय."

पहिल्या खेपेला खरंच विसरली ती. पाणी खाली गेलं, पाइपात हवा धरली. मल्हारी आला. पाइपाच्या वरच्या टोकाशी, काळी चिकटपट्टी गुंडाळली होती तिथं पाठ करून काहीतरी खटपट केली आन् म्हणाला, "आता पाइपाला कान लावा. गुडगुड थांबली की हवा गेली."

तिनं कान लावला. त्यानं पलीकडनं लावला. मध्ये एक पाइप. त्याच्या कपाळावर घाम, शर्टाला तांब्याचा आन् उन्हाचा वास. गुडगुड थांबली... कान मात्र दोघांचेही तिथंच.

"थांबली का?" तो कुजबुजला.

"न्हाई अजून," ती म्हणाली.

थांबली होती. कवाच.

पुढच्या आठवड्यात हर्षदानं रेघ बघितली. पाणी भरपूर. म्हंजी तो येणार न्हाई. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. खिडकीखाली मोगऱ्याचं झाड होतं, मे महिन्यात पार सुकलेलं, कारण आण्णांचा कायदा होता, बोअरचा थेंबन् थेंब झेंडूला, दारातल्या झाडांनी पावसाची वाट बघायची. हर्षदानं तांब्या घेतला, बादलीत बुडवला आन् मोगऱ्याला घातला. मग अजून एक. मग म्हणली, आता घातलंच हाय तर...

चौथ्या दिवशी फोन. "अहो, पाणी संपलं!"

"चार दिवसात?" मल्हारी चक्रावला.

आला. हवा काढली. कान लावले. चहा झाला. जाताना पाना विसरला, म्हणून दोन दिवसांनी परत आला. त्या दिवशी मुद्दाम विसरला का चुकून, ते देव जाणे, पण बाइकच्या मागं बांधलेला पाना पोरं सहसा विसरत न्हाईत.

असं महिनाभर चाललं. हर्षदा खूश, मोगरा त्याहून खूश. बिचारा मल्हारी मात्र वाळत चालला. त्यानं सगळे जोड उघडले. जोडांवर गव्हाचं पीठ चोळून ओल कुठं येते ते बघितलं. कोरडं! क्लिपा बदलल्या. सील बदललं. एकदा तर बादलीच नवी आणली.

"कुठंतरी गळतंय," तो पाइपाभोवती उकिडवा फिरत म्हणायचा. "मला दिसंना."

"दिसंल," हर्षदा म्हणायची. "नीट बघा की."

माझ्याकडं बघा, म्हणत होती ती. तो पाइपाकडं बघायचा. काय करावं ह्या पोराला!

आन् मग आला तो शुक्रवार. ट्रायलचं शेवटचं काम. साच्यात प्लास्टिक कसं पसरतं ह्याचा हिशोब कॉम्प्युटरनं सलग सहा तास करायचा आन् पाच वाजायच्या आत कंपनीला पाठवायचा. उशीर झाला तर दुसरी पोरगी घेणार, असं साहेबांनी सरळ सांगितलेलं. सकाळी नऊला तिनं सुरू केलं. आदल्या दिवशी मोगऱ्याला पाच तांबे घातले होते, शनिवारी मल्हारी यावा ह्या बेतानं. बेत बरोबर होता. पण शुक्रवारी वारं सुटलं, गरम, भट्टीतल्यासारखं. अशा वाऱ्यात पाणी दुपटीनं उडतं, आन् पोरगी स्क्रीनकडं बघत बसलेली.

एक वाजता कॉम्प्युटर बंद.

तिनं पळत जाऊन जार ओतला. पंप घुमला, पण पाणी चढंना. हवा! टेबलफॅन लावला. पाच मिनिटात परत बंद. फोन लावला.

"कुठं हाय तुम्ही?"

"कासुर्डीला. कूलर बसवतोय. काय झालं? रडताय का?"

"न्हाई... व्हय."

"आलो."

"लांब हाय हो..."

"आलो म्हणलं ना."

दोन वाजता बाइक दारात. तोंड धुळीनं पांढरं. पाइपापाशी जाऊन तिच्याकडं पाठ करून खटपट केली, गुडगुड झाली, थांबली. कान लावायला बी कुणी सांगितलं न्हाई. आकडा उतरला. सकाळपासनंचा हिशोब जिथं अडकला होता तिथनं परत चालू झाला. शिल्लक दोन तास.

मल्हारी उंबऱ्यावर बसला. आईनं दिलेलं पाणी हातात तसंच.

"उद्या मी हे काढून नेतो," तो म्हणाला.

"का?"

"माझ्या कामात खोट हाय. महिना झाला, मला गळती सापडली न्हाई. आज तुमची नोकरी गेली असती." त्यानं खिशातनं फोन काढला. "शिरूरच्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी अशी सहा बनवून मागितली होती. बारमाही धंदा झाला असता, टपरी सोडून दुकान टाकणार होतो... पण आपलंच गळतंय आन् लोकांच्या गळ्यात मारायचं? न्हाई जमणार. सांगून टाकतो त्यांना."

गंमत गंमत करता करता हे कुठं येऊन पोचलं! फोनची रिंग जायला लागली... एक... दोन... पलीकडनं "हॅलो" ऐकू आलं आन् हर्षदानं पुढं होऊन लाल बटण दाबलं. त्याच्या हातातच.

"गळत न्हाई," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचं काम एकदम पक्कं हाय. एक थेंब गळत न्हाई."

"मग बादलीतलं पाणी जातंय कुठं?"

तिनं नुसतं बोट केलं. खिडकीखाली.

दारातली जास्वंद वाळून काटकी झालेली. तुळस कशीबशी तग धरून. आन् मधोमध मोगरा हिरवागार, कळ्यांनी असा लगडलेला, की पानं शोधावी लागावीत. बुडाशी माती काळीशार, ओली. शेजारी तांब्या.

मल्हारी बघत राह्यला. मोगऱ्याकडं. तांब्याकडं. मग हर्षदाकडं. पहिल्यांदाच नीट.

"महिनाभर?"

"...व्हय."

"मी रात्र रात्र जागून कागदावर नळ्या काढत होतो!"

"मला वाटलं, तुम्हाला कळंल. तुम्ही पीठच चोळत बसला." तिनं तांब्या उचलून पाठीमागं धरला. "बिनकामाचं या म्हणायला... काय म्हणून बोलवणार होते मी? नोकरी गेली तर माझ्या करणीनं गेली. तुम्ही तुमचं सहाचं काम सोडू नका. रागवा हवं तर."

तो उठला. ती मागं सरली. तो सरळ पाइपापाशी गेला आन् वरच्या टोकाची काळी चिकटपट्टी सोलायला लागला. खालनं एक बारकी पितळी चावी निघाली. उदबत्तीच्या काडीएवढं तिचं तोंड.

"हे काय?"

"हवा काढायची चावी," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "अर्धी फिरवायची, फुस्स झालं की बंद. बारकं पोरगं बी करंल. पहिल्या दिवसापासनं हाय. मीच झाकून ठेवली होती."

हर्षदाचं तोंड उघडंच राह्यलं. "अवघड काम हाय म्हणला होता ना!"

"अवघडच होतं. रोज फोनकडं बघत बसणं."

त्याचा एक डोळा बारीक झाला. मग दुसरा. तिला आधी हसू आलं का रडू, ते तिलाच सांगता येणार न्हाई. आतनं आईचा आवाज आला, "हर्षे, मशीन काहीतरी वाजलं बघ!" दोघं पळाले. चार वाजून आठ मिनिटं. हिशोब पुरा. तिनं पाठवलं. वीस मिनिटांनी साहेबांचं उत्तर आलं, सोमवारी कागदपत्रं घेऊन कारेगावला या. तिनं ते दोनदा वाचलं आन् स्क्रीन त्याच्याकडं वळवली.

ऊन कलल्यावर मल्हारी निघाला. निघण्याआधी तिला पाइपापाशी बोलावलं. "चावी शिकून घ्या. आता माझी गरज लागायची न्हाई."

हर्षदानं चावी बघितली. अर्धी फिरवली, फुस्स झालं, बंद केली. आलं की! मग तिनं पायरीवर पडलेली काळी चिकटपट्टी उचलली, धूळ झटकली आन् चावीभोवती परत गुंडाळायला लागली. एक वेढा, दोन वेढे, तीन.

"हे काय करताय?"

"मला न्हाई जमत ते. अवघड काम हाय." पट्टीचं टोक तिनं अंगठ्यानं दाबून बसवलं. "रविवारी या. आन्..."

"आन् काय?"

तिनं मोगऱ्याची ओंजळभर फुलं तोडून त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबली.

"एकटे येऊ नका. ठणठणीत असताना अठ्ठ्याण्णव ताप असतो त्या बाईंना घेऊन या. ही फुलं त्यांना द्या आन् सांगा... पाणी तुमच्या पोरानं घातलंय."